उत्तर कोरिया की तुर्कमेनिस्तान? कॅमेरा घेऊन बंद देशात जाणाऱ्यांसाठी

मी उत्तर कोरियात २०१८ साली गेलो, तुर्कमेनिस्तानात २०२३ साली. दोन्हीकडे गळ्यात कॅमेरा होता. त्यामुळे ‘एकदा तरी असा बंद देश बघायचाय, यातला कुठला निवडू?’ असं कुणी विचारलं की मी आधी एकच विचारतो: तुम्हाला फोटो इमारतींचे हवेत की माणसांचे?

पण त्याआधी प्रवेशाचं बघू, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. उत्तर कोरियाने जानेवारी २०२० मध्ये सीमा बंद केल्या. फेब्रुवारी २०२४ पासून रशियन पर्यटकांना येऊ दिलं. फेब्रुवारी २०२५ मध्ये रासोन हा कोपऱ्यातला भाग इतरांसाठीही उघडला आणि काही आठवड्यांतच पुन्हा बंद केला. थोडक्यात, आपल्याला तिथे जायचा भरवशाचा रस्ता आज नाही. तुर्कमेनिस्तानचं तसं नाही. तिथल्या पर्यटन कंपनीमार्फत निमंत्रणपत्रासाठी अर्ज करायचा आणि ते मिळालं की व्हिसा. अर्ज कारण न देता नाकारला जाऊ शकतो, आणि पर्यटक व्हिसावर गाइड सोबत लागतोच. तरी दार किलकिलं आहे.

आता फोटोंचं.

उत्तर कोरियाची राजधानी प्याँगयांगमध्ये तुम्हाला काय दिसणार हे आधीच ठरलेलं असतं. दोन गाइड कायम सोबत असतात आणि त्यांच्याशिवाय हॉटेलच्या आवाराबाहेर पाऊल टाकता येत नाही. मानसू टेकडीवरच्या किम इल-सुंग आणि किम जाँग-इल या दोन दिवंगत नेत्यांच्या भव्य ब्राँझ पुतळ्यांसमोर आधी वाकून नमस्कार करायचा, मग फोटो. तोही संपूर्ण पुतळा चौकटीत घेऊनच. पाय किंवा हात कापलेला चालत नाही. सैनिक, तपासणी नाके, बांधकामं यांचे फोटो काढायचे नाहीत. या दोघांचे देह जतन करून ठेवलेल्या कुमसुसान प्रासादात तर कॅमेरा बाहेरच जमा करावा लागतो. या सगळ्यातूनही सुंदर चित्रं मिळतात, हे मान्य केलं पाहिजे. पुहुंग मेट्रो स्थानकातली झुंबरं, भिंतीवरचं मोझेक, त्याखालून घाईने जाणारी माणसं. तो फोटो आजही माझ्या भिंतीवर आहे. पण तोच फोटो, त्याच कोनातून, माझ्याआधी गेलेल्या शेकडो जणांकडेही आहे.

तिथला एक प्रसंग सांगतो. केसाँग शहराच्या रस्त्यावर बसच्या खिडकीतून मी एका बैलगाडीचा फोटो काढला. गाइडने पाहिलं आणि अगदी हळू आवाजात तो पुसायची विनंती केली. मी त्याला म्हटलं, आमच्या महाराष्ट्रात आजही गळीत हंगामात साखर कारखान्याबाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग लागते, यात कमीपणा कसला? तो हसला. पण हात पुढेच होता. मी फोटो पुसला. तो राहिला असता तर परत जाताना तपासणीत मला बोलणी बसली असती, गाइडचं मात्र काय झालं असतं हे मला सांगता येणार नाही. बंद देशात कॅमेरा चालवणाऱ्याने हे मनात पक्कं ठेवावं: आपण चार दिवसांनी घरी येतो, चौकटीतला आणि शेजारचा माणूस तिथेच राहतो. पाहुण्यालाही धोका नसतो असं नाही. २०१६ मध्ये भिंतीवरचं पोस्टर काढल्याच्या आरोपावरून एका अमेरिकन विद्यार्थ्याला तिथे १५ वर्षांची सक्तमजुरी झाली. २०१७ मध्ये तो बेशुद्धावस्थेत मायदेशी परतला आणि काही दिवसांतच मरण पावला.

तुर्कमेनिस्तानची राजधानी अश्गाबादमध्ये बंधनं आहेत, पण त्यांना फटी आहेत. राष्ट्राध्यक्षांचा प्रासाद, सरकारी कार्यालयं, पोलीस यांच्याकडे कॅमेरा वळवला की शिट्टी वाजते. बाकी शहर तुमचं. पांढऱ्या संगमरवराने मढवलेल्या ५४३ इमारतींसाठी २०१३ मध्ये या शहराची गिनेस विक्रमात नोंद झाली. भर उन्हात या इमारती कॅमेऱ्याला फसवतात आणि सगळं राखाडी येतं, म्हणून एक्स्पोजर एक स्टॉप (म्हणजे प्रकाश दुप्पट) वाढवा. माझा खरा सल्ला मात्र हा की दुपारी संगमरवराच्या नादी लागूच नका, बाजारात जा. रुंद, रिकाम्या रस्त्यांवर चेहरा कापडाने झाकून झाडणाऱ्या बायका दिसतात. कॅमेरा पाहून त्या पाठ फिरवतात. पाठ फिरवली की फोटो काढू नये.

गावाकडे चित्र पालटतं. मेर्व या प्राचीन शहराच्या अवशेषांकडे जाणाऱ्या वाटेवर एका अंगणात मातीच्या तामदिरमध्ये, म्हणजे तंदूरमध्ये, एक बाई भाकरीएवढ्या जाड रोट्या थापत होती. मी खुणेने विचारलं. तिने आधी गरम चोरेकचा, म्हणजे त्या रोटीचा, तुकडा माझ्या हातात दिला, मी तो खाऊन संपवेपर्यंत थांबली, आणि मग डोक्यावरचा रुमाल नीट करून भट्टीपाशी उभी राहिली. गाइड तेव्हा गाडीत झोपला होता. उत्तर कोरियात आठ दिवसांत असं एक मिनिट मिळालं नाही.

मेर्वमधल्या ग्रेट किझ काला या जुन्या गढीवजा वास्तूच्या पन्हाळीदार मातीच्या भिंतींसाठी पहाट किंवा कलता सूर्यच हवा. दुपारी त्या सपाट दिसतात. दरवाझाचं नैसर्गिक वायूने जळतं विवर राजधानीपासून सुमारे २६० किलोमीटरवर, अतिशय खराब रस्त्याने. गेल्या काही वर्षांत ज्वाळा बऱ्याच मंदावल्या आहेत. जुने फोटो पाहून गेलात तर हिरमोड होईल, तेव्हा केवळ विवरासाठी जाऊ नका. गेलातच तर सूर्यास्तानंतरची पहिली वीस मिनिटं गाठा.

शाकाहाऱ्यांचे हाल दोन्हीकडे, पण तुर्कमेनिस्तानात रोटी, टोमॅटो, काकडी, खरबूज आणि चहावर निभतं. इंटरनेटची आशा दोन्हीकडे सोडा. ड्रोन घरीच ठेवा.

तेव्हा माझं मत स्पष्ट आहे: माणसं हवी असतील तर तुर्कमेनिस्तान. उत्तर कोरिया पुन्हा उघडला आणि राजसत्ता स्वतःला कशी सजवून दाखवते याचाच अभ्यास करायचा असेल, तर तिथे जा. तेव्हा लांब लेन्स नेऊ नका, ३५ मिलिमीटर पुरे. तुर्कमेनिस्तानला एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर धरा, उन्हाळ्यात पारा चाळिशीपार जातो. आणि निमंत्रणपत्र हातात पडेपर्यंत विमानाचं तिकीट काढू नका.