जस्ताचं भात पेरावं की रेशनच्या पोषणयुक्त तांदळावर भागवावं?

थोडंफार खाचर असलेल्या कोकणातल्या घरापुढे या दोन वाटा. रेशनच्या तांदळात लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि बी-12 असलेला एक दाणा साधारण शंभर दाण्यांमागे मिसळायचे; 2026 मध्ये केंद्राने ही मिसळणी तात्पुरती थांबवली, त्यामुळे आता प्रत्येक वेळी तो मिळेलच असं नाही. दुसरीकडे जस्ताचं, म्हणजे जास्त जस्त (झिंक) असलेलं भात: डीआरआर धान 49 ही 2018 ची जात आहे, महाराष्ट्रासाठी शिफारस झालेली. पॉलिश करूनही तिच्या तांदळात किलोला 25 मिलिग्रॅमच्या आसपास जस्त राहतं. नेहमीच्या जातींत ते 12 ते 16 असतं.

कागदावर रेशनचं पारडं जड आहे. पण आमच्याकडे तो तांदूळ सुपात आला की आई ते वेगळे दिसणारे दाणे आधी वेचते. ते ‘प्लास्टिकचे’ असल्याचं वाडीत कुणीतरी सांगितलं, ते काही मनातून जात नाही. ते तांदळाच्याच पिठाचे असतात हे सांगून मी थकलो. सुपातून सुटलेले धुताना वर तरंगतात आणि पाण्याबरोबर जातात. घावन्यांसाठी तांदूळ भिजत घातला की उरलेसुरलेही. ज्या एका दाण्यासाठी एवढा खटाटोप, नेमका तोच ताटात येत नाही. याचं मला फार वाईट वाटतं.

जस्ताच्या भातात हे होऊच शकत नाही, कारण जस्त प्रत्येक दाण्यात असतं. जात सरळ आहे, संकरित नाही. त्यामुळे पुढच्या वर्षाचं बी घरचंच ठेवता येतं. चवीत मला तरी फरक कळला नाही. पेजेला मात्र आमचं लाल भातच, त्याला तोड नाही. पीक 125 ते 130 दिवसांचं, म्हणजे निमगरवं. पाणी धरणारं खाचर हवं. वरकसावर, म्हणजे उताराच्या हलक्या जमिनीवर, नाचणीच बरी, कॅल्शियमही तीच देते.

मुलांच्या वाढीला जस्त लागतं, पण त्याने रक्त वाढत नाही. घरात गरोदर बाई किंवा रक्त कमी असलेली मुलगी असेल, तर रेशनवर पोषणयुक्त तांदूळ मिळत असेल तेव्हा तो सोडू नका, फक्त तो निवडणाऱ्या माणसाला आधी पटवा. शाळेच्या आहारातही तो असायचा, म्हणजे मुलांच्या पोटात थोडं लोह तिथे जायचं. घरच्या खाचरात मात्र मी तरी जस्ताचं भात लावीन. पहिल्या वर्षी एकच खाचर करा, आणि झोडणीपासून गिरणीपर्यंत ते भात वेगळं ठेवा, नाहीतर बियाण्यात भेसळ होते.