हार्वर्ड यार्डातली इतिहासफेरी: फुकट आहे, पण तास पुरत नाही

बॉस्टनला मुलांकडे राहायला आलेल्या आईवडलांचा एक दिवस हार्वर्डसाठी ठरलेलाच असतो. बहुतेक मंडळी पुतळ्याच्या पायाला हात लावतात, फोटो काढतात आणि वीस मिनिटांत बाहेर पडतात. त्यापेक्षा विद्यापीठाचे विद्यार्थीच जी इतिहासफेरी घेऊन जातात ती घ्या. पैसे लागत नाहीत आणि फेरी साधारण तासभराची असते. सांगणारी मुलं तिथेच राहणारी असतात, त्यामुळे वसतिगृह, परीक्षा, जेवणघर यांबद्दल कोणत्याही माहितीपत्रकापेक्षा जास्त कळतं.

नावनोंदणी आधी ऑनलाइन करून ठेवा. निघायचं ठिकाण स्मिथ कॅम्पस सेंटर. मेट्रोच्या रेड लाइनवर हार्वर्ड स्टेशनला उतरून वर आलं की दोन मिनिटांवर. प्रवेश घेऊ इच्छिणाऱ्या मुलांसाठी वेगळी फेरी असते आणि नेमकी तीच चुकून नोंदवली जाते. तिथे सगळं बोलणं अर्ज आणि अभ्यासक्रमाचं. म्हणून नोंदवताना ‘इतिहास’ हा शब्द दिसतोय ना ते बघा. टॉयलेटचं काम सेंटरमध्येच उरकून घ्या, कारण यार्डातल्या, म्हणजे विद्यापीठाच्या जुन्या आवारातल्या, बहुतेक इमारतींत पाहुण्यांना सोडत नाहीत. कधीकधी अख्खं यार्डच फक्त ओळखपत्रवाल्यांसाठी उघडं ठेवतात, तेव्हा त्या दिवशी सकाळी साइट एकदा तपासूनच घर सोडा.

फेरीचा सगळ्यात गर्दीचा थांबा जॉन हार्वर्डचा पुतळा. डॅनियल चेस्टर फ्रेंच यांनी 1884 मध्ये घडवलेला हा ब्राँझचा पुतळा सगळीकडे काळपट तपकिरी आहे, फक्त डावा बूट हात लावून लावून पितळी भांड्यासारखा लखलखतो. खाली तीन गोष्टी कोरल्यात: जॉन हार्वर्ड, संस्थापक, 1638. तिन्ही चूक. चेहरा त्याचा नाही; त्याचं एकही चित्र उरलेलं नसल्यामुळे शिल्पकाराने शर्मन होअर नावाच्या विद्यार्थ्याला समोर बसवलं. तो संस्थापकही नाही. मॅसॅच्युसेट्स वसाहतीच्या सभेने 400 पौंड मंजूर करून हे कॉलेज काढलं. आणि ते 1638 मध्ये नाही, 28 ऑक्टोबर 1636 रोजी. जॉन हार्वर्ड 1638 मध्ये तिशीच्या आसपास वारला आणि जाताना अर्धी मालमत्ता व सुमारे 400 पुस्तकं कॉलेजला देऊन गेला, म्हणून पुढच्या वर्षी कॉलेजला त्याचं नाव मिळालं. पुतळा पश्चिमेकडे तोंड करून बसलाय आणि पाठीशी युनिव्हर्सिटी हॉल आहे. त्यामुळे सकाळी तोंडावर सावली पडते, फोटो दुपारनंतरच चांगला येतो. पायाला हात लावलाच तर धुऊन टाका. रात्री-अपरात्री मुलं त्या बुटावर लघवी करतात, हीही इथली जुनी खोडी आहे.

त्या 400 पुस्तकांचं पुढे काय झालं, हा प्रश्न फेरीत आवर्जून विचारा. आम्हाला या जागेचा सगळ्यात चटका लावणारा भाग हाच वाटतो. जानेवारी 1764 मध्ये बॉस्टनला देवीची साथ होती, म्हणून वसाहतीची सभा नदीपलीकडे कॉलेजच्या हार्वर्ड हॉलमध्ये भरत होती. 24 तारखेच्या रात्री तिथे आग लागली आणि सुमारे 5000 पुस्तकांचं ग्रंथालय राख झालं. वाचली ती मुख्यतः कुणीतरी वाचायला नेलेली किंवा अजून खोक्यांतून काढलीच नव्हती ती. जॉन हार्वर्डच्या पुस्तकांतलं नक्की त्याचं म्हणता येईल असं एकच उरलं, डाउनेम यांचा एक धर्मग्रंथ. ते चोरून नेणाऱ्या मुलाने परत आणून दिलं, अध्यक्षांनी त्याचे आभार मानले आणि त्याला काढून टाकलं, ही गोष्ट तुम्हाला ऐकायला मिळेलच. गोष्ट छान आहे, पण तिला दंतकथाच समजा. आज दिसतो तो हार्वर्ड हॉल 1766 चा, आगीनंतर बांधलेला.

त्याच्यासमोरचा विटांचा मॅसॅच्युसेट्स हॉल 1720 चा, उभ्या असलेल्यांत सगळ्यात जुना. स्वातंत्र्ययुद्धात 1775 मध्ये इथे सैनिक उतरवले होते आणि कॉलेज काही महिने कॉनकॉर्डला हललं होतं. दोघांच्या मधलं जॉन्स्टन गेट 1889 चं. मुलं म्हणतात की त्यातून दोनदाच जावं, येताना आणि पदवी घेऊन जाताना. पाहुण्यांना हा नियम नाही, बिनधास्त जा.

वाइडनर ग्रंथालयाच्या पायऱ्यांवर मात्र कान उघडे ठेवून ऐका. हॅरी वाइडनर हा 1907 चा पदवीधर, पुस्तकवेडा. तो आणि त्याचे वडील 1912 मध्ये टायटॅनिकबरोबर बुडाले, आई वाचली. तिने मुलाच्या नावाने ही इमारत दिली आणि ती 1915 मध्ये उघडली. इथवर खरं. मुलाला पोहता येत नव्हतं म्हणून तिने पोहण्याची परीक्षा सक्तीची करायला लावली, त्याला आवडायचं म्हणून रोज आइस्क्रीम द्यायची अट घातली, या दोन्ही गोष्टी खोट्या आहेत. आत पाहुण्यांना प्रवेश नाही, तेव्हा पायऱ्यांवर बसून समोरचं मेमोरियल चर्च बघा. मधल्या हिरवळीवर मेअखेरीस पदवीदान होतं. पहिलं 1642 मध्ये झालं, नऊ पदवीधरांचं. आजही मिडलसेक्स काउंटीचा शेरीफ सभा सुरू करून देतो, एक विद्यार्थी लॅटिनमध्ये भाषण करतो आणि अध्यक्ष तीन पायांच्या जुन्या लाकडी खुर्चीत बसतात. त्या आठवड्यात खुर्च्या आणि कठडे सोडून काही दिसत नाही, जाऊच नका.

मुलांच्या स्वतःच्या परंपरा जास्त जिवंत आहेत. पहिल्या वर्षाची मुलं यार्डात राहतात. मार्चमध्ये एका सकाळी वरच्या वर्गातली मुलं आरडाओरडा करत त्यांच्या खोल्यांत घुसतात आणि पुढची तीन वर्षं 12 पैकी कोणत्या हाउसमध्ये, म्हणजे मोठ्या वसतिगृहात, काढायची त्याचं पत्र हातात देतात. परीक्षांच्या आदल्या मध्यरात्री कपडे काढून यार्डाला धावत फेरी मारायची प्रथाही आहे, थंडीतसुद्धा. हे सगळं मुलांकडूनच ऐका.

मॅसॅच्युसेट्स अ‍ॅव्हेन्यूच्या बाजूचं पिवळं लाकडी वॉड्सवर्थ हाउस (1726) फेरीत आलं नाही तरी फेरी संपल्यावर गाठा. जुलै 1775 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन इथे थोडे दिवस राहिले, हे सगळे सांगतात. भिंतीवरची 2016 ची दगडी पाटी नीट वाचा: टायटस, व्हीनस, बिल्हा, जुबा. कॉलेजच्या दोन अध्यक्षांच्या घरी गुलाम म्हणून राबलेली ही चार माणसं. इतक्या पाट्या आणि पुतळ्यांत आम्हाला हीच सगळ्यात मोलाची वाटते.

आणि मराठी माणसाने एक पत्ता स्वतःहून जोडावा. यार्डाच्या पूर्वेला क्विन्सी स्ट्रीटवर वॉरन हाउस आहे, पालीचे अभ्यासक हेन्री क्लार्क वॉरन यांचं घर. ‘विसुद्धिमग्ग’ या पाली बौद्ध ग्रंथाची प्रत शुद्ध करायचं त्यांचं काम 1899 मध्ये त्यांच्या मृत्यूने अर्धवट राहिलं. ते पुरं करायला 1910 मध्ये गोव्याच्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी इथे आले, मग पुन्हा पुन्हा आले. ग्रंथ छापून झाला 1950 मध्ये, धर्मानंद जाऊन तीन वर्षं झाली होती. त्यांचा मुलगा दामोदर शाळेपासून याच गावात शिकला आणि 1929 मध्ये हार्वर्डची पदवी सर्वोच्च श्रेणीत घेऊन परतला. घरात आता कार्यालयं आहेत, बाहेरूनच बघायचं. वाइडनरपासून चालत पाच मिनिटं.