जिप्सीचा मागचा डिफरन्शियल: भंगार बाजारातली अख्खी असेंब्ली घ्यावी का?

मारुती जिप्सीचा मागचा डिफरन्शियल (इंजिनची ताकद दोन्ही मागच्या चाकांना वाटून देणारा गिअरचा संच) गेला की दोन पर्याय समोर येतात: नवा क्राउन-पिनियन सेट (मोठे आणि छोटे दातेरी चाक) आणून जुन्या खोक्यात बसवणे, किंवा भंगार बाजारातून अख्खी असेंब्ली आणून बदलणे. काम घरी, अंगणात करायचे असेल तर आमचे मत स्पष्टपणे दुसऱ्याच्या बाजूने आहे. पण एका अटीवर: ती असेंब्ली कोणी उघडलेली नसावी.

नवा सेट बसवताना पिनियनची खोली शिमने (पातळ पत्र्याच्या चकतीने) जुळवावी लागते, बेरिंगचा ताण बसवावा लागतो, क्राउन आणि पिनियनमधला प्ले (दातांमधली मोकळीक) डायल गेजवर 0.10 ते 0.15 मिमीच्या आत आणावा लागतो आणि शेवटी दातांवर रंग लावून ठसा पाहावा लागतो. प्रेस आणि डायल गेज नसेल तर हे काम अंदाजाने होते, आणि अंदाजाने बसवलेला सेट ‘गुंईं’ असा आवाज करू लागतो. जिप्सीचा गोळा, म्हणजे क्राउन-पिनियन बसलेली अख्खी असेंब्ली, मात्र हाउसिंगच्या (एक्सलच्या पोकळ कवचाच्या) पुढच्या बाजूने नट काढून सबंध बाहेर येतो. कारखान्यात जुळवलेली मापे त्याच्यासोबतच येतात, आणि पैसे खरे तर त्या मापांचे मोजायचे असतात.

म्हणून दुकानात चकचकीत, ताजा रंग मारलेला गोळा दिसला तर सावध व्हा. तेलाने माखलेला, धुळीचा थर बसलेला पण न छेडलेला गोळा कितीतरी चांगला. क्राउनच्या दोन्ही बाजूंच्या ॲडजस्टर नटच्या लॉक पट्ट्या आणि बेरिंग कॅपचे बोल्ट नीट पाहा. पान्याचे ताजे ओरखडे किंवा छिन्नीचे घाव दिसले की तो गोळा उघडलेला आहे, ठेवून द्या. पिनियनच्या टोकाचा फ्लँज (शाफ्ट जोडायची चकती) हाताने हलवा: वरखाली अजिबात हलता कामा नये. तो सावकाश पूर्ण फिरवा, कुठे अडकतो किंवा किरकिरतो का ते बोटांना कळते. क्राउनचा प्रत्येक दात टॉर्चच्या उजेडात पाहा. एका बाजूने घासून धार आलेली असेल किंवा टवका उडालेला असेल तर नको. तेलाला जळका वास येत असेल तरीही नको.

सर्वांत महाग चूक रेशोची, म्हणजे क्राउन आणि पिनियनच्या दातांच्या प्रमाणाची. जिप्सीत पुढच्या आणि मागच्या एक्सलमध्ये मधला डिफरन्शियल नाही, त्यामुळे फोर-व्हीलमध्ये दोन्हीकडचा रेशो अगदी एकच लागतो. फरक राहिला तर टायर घासतात आणि ट्रान्सफर केसवर ताण येतो. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता दात मोजा: क्राउनला 37 आणि पिनियनला 9 असतील तर 4.11. स्वतःच्या गाडीचा रेशो न उघडता मोजायचा तर गिअर न्यूट्रल ठेवून एक मागचे चाक जमिनीवर ठेवा, दुसरे उचलून बरोबर दोन फेरे फिरवा आणि प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे येणाऱ्या दांड्याचे) फेरे मोजा. चार फेरे आणि वर थोडे झाले तर 4.11. एक्सल शाफ्टच्या टोकावरच्या स्प्लाइनचे (खाचांचे) दातही मोजून जा. जिप्सीच्या 410 आणि 413 या मॉडेलांचे सुटे भाग एकाच ढिगात पडलेले असतात.

खरेदीआधी एक खात्री करा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर किंवा सोडल्यावर आवाज बदलत असेल तर दोष क्राउन-पिनियनमध्ये असण्याची शक्यता जास्त. वेगाबरोबर वाढतो पण पाय उचलला तरी तसाच राहतो, तेव्हा आधी चाकाच्या बेरिंगकडे बघा. गिअर टाकताना ‘टक्’ होत असेल तर आधी प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस तपासा. गोळा बदलूनही ते टक् तसेच राहू शकते.

आता बसवणे. मागचे ब्रेक ड्रम उतरवताना हँडब्रेक सैल करावा लागतो, म्हणून पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा आणि मागच्या एक्सलचे हाउसिंग घोड्यांवर (जॅक स्टँडवर) घ्या. नुसत्या जॅकवर गाडीखाली जाऊ नका. आधी तेल भरण्याचा प्लग सैल करा, मगच खालचा उघडा. वरचा गंजून अडकला असेल आणि तेल आधीच काढले असेल तर गाडी तिथेच अडकते. प्रोपेलर शाफ्टच्या फ्लँजवर खूण करून चार बोल्ट काढा.

दोन्ही बाजूंचे एक्सल (चाकाला जोडलेले शाफ्ट) बाहेर काढल्याशिवाय गोळा निघत नाही. ब्रेकची मागची प्लेट एक्सलसोबतच येते, त्यामुळे ब्रेकचा पाइप सोडावाच लागतो. त्या नटाला साधा पाना लावला तर कोपरे गोल होतात, पाइपचाच पाना वापरा. एक्सल निघत नसेल तर ड्रम उलटा करून बोल्टांवर सैल अडकवा आणि झटके द्या, हातोडीची गरज पडत नाही. डावा-उजवा एक्सल लांबीला सारखा नसतो, खूण करून ठेवा.

गोळा बिडाचा आणि जड आहे. शेवटचे दोन नट काढण्याआधी खाली जॅक लावून ठेवा. जुन्या गोळ्याचे दात तुटले असतील तर तुकडे एक्सलच्या नळीत दूरवर जातात. डिझेलने धुऊन चुंबक फिरवा. ही पायरी टाळली तर नवा आणलेला गोळाही त्याच तुकड्यांनी जातो.

दोन्ही बाजूंचे एक्सल सील नवे घाला. एक्सल आत सरकवताना स्प्लाइन सीलच्या ओठावर घासू देऊ नका. पिनियनचे सील गळत असेल तर नट आणि शाफ्टवर खूण करा, आटे मोजा आणि बरोबर त्याच खुणेवर परत आणा. जास्त आवळल्यास आतला स्पेसर चेपतो, बेरिंग तापते आणि ज्यासाठी पैसे मोजले ती मापेच बिघडतात. दोन्ही पृष्ठभाग थिनरने पुसून 3 मिमी जाडीची सिलिकॉन गॅस्केटची अखंड रेघ ओढा, नट समोरासमोरचे आलटून-पालटून आवळा आणि एक दिवस सुकू द्या.

तेल 80 डब्ल्यू 90, जीएल-5, सुमारे दीड लिटर. वरच्या भोकातून वाहू लागेपर्यंत भरा. त्याआधी ब्रीदरची (आतली हवा बाहेर सोडणारी) नळी फुंकून पाहा. कोकणातल्या चिखलात ती बुजली की दाब सीलवर येतो आणि तेल ब्रेक लायनरवर उतरते. डॉट 3 ब्रेक ऑइल घालून ब्रेकमधली हवा काढा. पेडल घट्ट लागेपर्यंत गाडी हलवू नका.

20 किलोमीटर चालवून गोळ्याला हात लावा: गरम हवा, पण हात ठेवता यायला हवा. 500 किलोमीटरनंतर तेल बदला. प्लगवर बारीक करडी पेस्ट दिसली तर चालते. टोचणारे कण निघाले तर गोळा परत उतरवून पाहावा लागेल, म्हणून दुकानदाराकडून बदलून देण्याची मुदत बिलावर आधीच लिहून घ्या.