कीर्तिमंदिरातील मराठी मार्गदर्शन : माहितीपलीकडचा संदर्भ

बडोद्यात येणाऱ्या मराठी पाहुण्यांना कीर्तिमंदिर दाखवणाऱ्या एका खासगी मार्गदर्शकाच्या सेवेविषयी हा अभिप्राय आहे. गायकवाड घराण्याच्या स्मृत्यर्थ तिसऱ्या सयाजीरावांनी उभारलेल्या या वास्तूत नंदलाल बोस यांनी 1939 ते 1946 या काळात रंगवलेली भित्तिचित्रे आहेत. गंगावतरण, मीराबाईचे जीवन, महाभारतातील युद्ध आणि रवींद्रनाथांच्या ‘नटीर पूजा’ या नाटकातील प्रसंग हे त्यांचे विषय.

चित्रकाराचे नाव, साल आणि विषय सांगितला की माहिती देऊन होते. संदर्भ देणे हे त्याहून अवघड काम असून या मार्गदर्शकांची खरी गुणवत्ता तेथेच दिसते. गंगावतरणासमोर ते लगेच कथा सुरू करत नाहीत; आपण एका घराण्याच्या स्मारकात उभे आहोत, याची ते आधी जाणीव करून देतात आणि मग भगीरथाने गंगा आणली ती आपल्या पूर्वजांच्या, सगरपुत्रांच्या उद्धारासाठी, हे सांगतात. एवढे ऐकल्यावर हा विषय याच भिंतीवर का शोभतो, ते आपोआप उलगडते. शाळेत ‘संदर्भासह स्पष्टीकरण’ लिहिताना ओळ कोणाची, कोणास उद्देशून आणि कोणत्या प्रसंगी, हे सांगावे लागे. येथे तीच शिस्त चित्राला लावलेली आढळते. 1938 साली गुजरातमधील हरिपुरा येथे भरलेल्या काँग्रेस अधिवेशनासाठी बोस यांनी केलेल्या चित्रफलकांचा उल्लेखही नेमक्या जागी येतो, त्यामुळे चित्रकाराचे गुजरातशी असलेले नाते ध्यानात येते.

महाभारताच्या चित्रापाशी मात्र त्यांचा तोल जातो. त्या वर्षांत दुसरे महायुद्ध चालू होते, म्हणूनच बोस यांनी युद्ध रंगवले, असे ते ठामपणे सांगतात. दोन गोष्टींचा काळ एक असला म्हणजे एक दुसरीचे कारण ठरत नाही, आणि पुराव्यावाचून जोडलेला संबंध हा संदर्भ नसून तर्क असतो. तो तर्क म्हणूनच सांगितला पाहिजे.

उलट ‘नटीर पूजा’ ते घाईने उरकतात. मीरा आणि भगीरथ मराठी माणसाला ठाऊक असतात, परंतु राजाची बंदी मोडून स्तूपापुढे नृत्यानेच पूजा करणारी आणि त्यासाठी प्राण देणारी ही नर्तकी बहुतेकांना अपरिचित असते. जेथे संदर्भाची सर्वाधिक गरज आहे, तेथेच तो तोकडा पडावा, हे मनाला लागते.

तरीही ही सेवा अवश्य घ्यावी, असे मी आग्रहाने सांगेन. गट लहान ठेवावा आणि ‘नटीर पूजा’विषयी त्यांना आवर्जून प्रश्न विचारावेत, विचारले असता ते मनापासून आणि सविस्तर उत्तर देतात.