अणुकचऱ्याच्या भूगर्भीय साठवणीची स्वतंत्र तपासणी: न्यू मेक्सिकोची रीत आणि स्वीडनची रीत

ज्या गावाच्या हद्दीत किरणोत्सर्गी कचरा कायमचा पुरण्याचा प्रस्ताव येतो, तेथील लोकप्रतिनिधींना खडकाविषयी मत बनवण्याच्या आधी एक ठरवावे लागते: प्रकल्पकर्त्याचा पर्यावरणीय अहवाल तपासायचा कोणी? या प्रश्नाला अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्य आणि स्वीडन येथे अगदी वेगवेगळी उत्तरे मिळाली.

न्यू मेक्सिकोतील कार्ल्सबाडजवळ, सुमारे ६५५ मीटर खोल मिठाच्या थरात, अण्वस्त्रनिर्मितीतून निघालेला प्लुटोनियमयुक्त कचरा ठेवण्याचा ‘विप’ (वेस्ट आयसोलेशन पायलट प्लांट) हा प्रकल्प आखला गेला. त्याच्या तपासणीसाठी १९७८ मध्ये ‘एन्व्हायर्नमेंटल इव्हॅल्युएशन ग्रुप’ हा शास्त्रज्ञांचा छोटा गट राज्याच्या वतीने स्थापन झाला. नुसते अहवाल चाळण्यावर या गटाने समाधान मानले नाही. एक जुने बोअर अधिक खोल नेऊन पाहावे असा आग्रह त्याने धरला आणि १९८१ मध्ये ते खोल नेताच मिठाच्या थराखाली प्रचंड दाबाखालचे खारे पाणी लागले; परिणामी कचऱ्याच्या दालनांची आखणीच बदलावी लागली. असा शोध टेबलावर बसून लागत नाही. मात्र गटाचा खर्च उचलणारे केंद्रीय ऊर्जा खातेच प्रकल्पाचे मालक होते. १९९९ मध्ये साठवण सुरू झाली आणि २००४ मध्ये निधी थांबताच गट बंद पडला. फेब्रुवारी २०१४ मध्ये लॉस अलामोस येथील अण्वस्त्र प्रयोगशाळेतून आलेले एक पिंप भूगर्भात फुटले, कारण त्यातील नायट्रेट क्षारांत मांजरांच्या विष्ठेसाठी विकले जाणारे सेंद्रिय शोषक मिसळले गेले होते. कचरा उतरवण्याचे काम त्यानंतर जवळजवळ तीन वर्षे बंद राहिले. गट असता तर हे टळले असते, असे म्हणता येणार नाही, कारण चूक पिंप भरतानाच झाली होती. परंतु परवाना मिळाला म्हणून तपासणीचे काम संपले, हा समज त्यामुळे खोटा ठरतो.

स्वीडनमध्ये एसकेबी या कंपनीने फोर्समार्क येथे सुमारे ५०० मीटर खोल खडकात अणुभट्ट्यांतील वापरलेले इंधन पुरण्यासाठी २०११ मध्ये अर्ज केला, तो एकाच वेळी दोन ठिकाणी: किरणोत्सर्ग सुरक्षा प्राधिकरणाकडे आणि पर्यावरण न्यायालयाकडे. हे इंधन पाच सेंटीमीटर जाडीच्या तांब्याच्या डब्यात, बेंटोनाइट मातीच्या वेष्टनात राहायचे आहे. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यातही तांबे गंजते, असा आक्षेप काही संशोधकांनी घेतला होता, आणि पर्यावरण संघटनांना तज्ज्ञ नेमून तो लावून धरता आला, कारण त्यांना अणुकचरा निधीतूनच पैसे मिळत होते. जानेवारी २०१८ मध्ये प्राधिकरणाने होकार दिला. न्यायालयाने मात्र, तांब्याबाबत आणखी पुरावा आल्याखेरीज परवानगी देऊ नये, असे सरकारला कळवले. कंपनीला पुरवणी कागदपत्रे द्यावी लागली आणि सरकारची मंजुरी २०२२ मध्ये आली. दरम्यान, फोर्समार्क ज्या हद्दीत येते त्या आणि नकाराधिकार असलेल्या ओस्टहामर नगरपालिकेने २०२० मध्ये संमती दिली होती. अखेरचा शब्द सरकारचा असल्याने न्यायालयाचे मत केवळ सल्ल्यापुरते होते, ही या रीतीतील उणीव मी किरकोळ मानत नाही.

कॅनडातील किनकार्डिनचा अनुभव येथे थोडक्यात नोंदवावा लागेल. ह्युरॉन सरोवराकाठी अणुकचरा पुरण्याच्या तेथील प्रस्तावाला संयुक्त पुनरावलोकन मंडळाने २०१५ मध्ये अनुकूल अहवाल दिला होता, पण २०२० मध्ये तेथील सॉगीन ओजिब्वे या मूळनिवासी समाजाने मतदानाने तो प्रचंड बहुमताने फेटाळला आणि कंपनीला माघार घ्यावी लागली.

तेव्हा अर्ज अजून विचाराधीन असेल, तर माझा कौल निःसंशय स्वीडनच्या बाजूने आहे: दोन स्वतंत्र तपासण्या, आक्षेपकांना निधी आणि स्थानिक संस्थेला नकाराधिकार. परवाना आधीच मिळालेला असेल, तर न्यू मेक्सिकोसारखा, जागेवर जाऊन स्वतः नमुने घेणारा गट मागावा. मात्र त्याचा पैसा प्रकल्पाच्या मालक खात्याच्या वार्षिक तरतुदीतून न येता वेगळ्या कायदेशीर निधीतून यावा, आणि साठवण चालू असेपर्यंत तो थांबवता येणार नाही, असे कलम करारातच असावे.