गोठा, दवाखाना, कापूस: नवीन शब्द पाडायच्या तीन पद्धती, तुम्ही कोणती घ्याल

माझी भाची नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीत गावाला आली तेव्हा दोनशे पानी वही घेऊन आली, त्यात तिनं स्वतःची भाषा बनवायला घेतलेली. शंभर-सव्वाशे शब्द मनानंच पाडले आणि मग अडली, कारण प्रत्येक वस्तूला नवा आवाज शोधायचा आणि तो ध्यानातही ठेवायचा हे माणसाच्यानं होत नाही. मले म्हणते, "मामा, शब्दातून शब्द कसा काढू ते सांग ना." तिला जे सांगितलं तेच इथं लिहितो, कारण आधीच बनलेली एखादी भाषा शिकावी म्हणणाऱ्यालाही हेच ठरवावं लागतं. एस्पेरांतो, टोकी पोना आणि लोजबान अशा माणसांनी मुद्दाम बनवलेल्या तीन भाषा घेतल्या आणि तिघींकडं आपल्या गावातलेच शब्द मागून पाहिले.

एस्पेरांतो यातली सगळ्यात जुनी, झामेनहॉफ नावाच्या डोळ्याच्या डॉक्टरनं १८८७ मध्ये वॉर्सात छापून काढली. मूळ शब्द कमी आणि प्रत्यय भरपूर, ही तिची रीत. बोवो म्हणजे गाय-बैलाच्या जातीचं जनावर, त्यातून बोविनो गाय, बोविदो वासरू, बोवारो कळप आणि बोवेयो गोठा. 'एय' हा जागेचा प्रत्यय, म्हणून लेर्नी म्हणजे शिकणं तर लेर्नेयो म्हणजे शाळा. आपल्याला हे परकं वाटायचं कारणच नाही, आपण तरी काय करतो, पेरणी, डवरणी, वेचणी, मळणी, आणि पाठीवर पंप आले तशी फवारणी, एक 'णी' लावला की कामाचं नाव तयार आणि वावरात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. पण मराठीत खाण्याची 'खाणी' होत नाही, ते कानाला माहीत असतं म्हणून आपण चुकत नाही, परक्या माणसानं काय करावं? एस्पेरांतोत अर्थ जुळला की प्रत्यय लावायची मोकळीक आहे, आणि मला तिची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते.

दवाखाना पहा. मालसानुलेयो. माल म्हणजे उलट, सान निरोगी, उल माणूस, एय जागा, शेवटचा ओ नामाचा. निरोगी नसलेल्या माणसांची जागा, आयुष्यात पहिल्यांदा ऐकला तरी फोडून समजतो. होस्पितालो असाही शब्द चालतो पण त्यात फोडायला काही नाही.

आता या पद्धतीचा खरा त्रास. हा जो 'माल' आहे तो फार ठिकाणी घुसतो. देक्स्त्रा उजवा, मालदेक्स्त्रा डावा. ग्रांदा मोठा, मालग्रांदा लहान. आमच्या गावात रेंज कशी असते ते इकडच्यांना माहीतच आहे, फोनवर नेमका पहिला तुकडा कापला गेला तर डावीचं उजवी होऊन जाईल. आणि दुसरं भाचीनंच पकडलं. पात्रो म्हणजे बाप आणि त्याला 'इन' लावून पात्रिनो म्हणजे आई. ती म्हणे, "आई बाबापासून काऊन बनवली?" तिचं बरोबर आहे. लोजबानमध्ये पात्फु बाप आणि माम्ता आई, दोन्ही वेगळी मुळं (माम्ता ऐकलं की आपल्याला ममताच आठवते). टोकी पोनात दोघांना मिळून एकच शब्द आहे, मामा! त्यावर ती माझ्याकडं पाहून किती हसली.

टोकी पोना कॅनडाच्या सोन्या लँग यांनी २००१ मध्ये काढली, २०१४ च्या त्यांच्या पुस्तकात फक्त १२० शब्द आहेत. इथं प्रत्यय नाहीत, नवीन शब्द पाडतच नाहीत म्हणा ना, शब्दापुढं शब्द ठेवायचा. आपण कापसाला पांढरं सोनं म्हणतो तसंच, फक्त क्रम उलटा, सोनं आधी आणि पांढरं मागून. कापसाला शब्द नाही, मी कासी लेन केलं, कासी झाड आणि लेन कापड. तेलो म्हणजे पाणी किंवा काहीही पातळ, नासा म्हणजे वेडंवाकडं, तेलो नासा म्हणजे दारू. तोमो म्हणजे घर, तोमो तेलो म्हणजे पाण्याचं घर, न्हाणीघर, पण तोमो तेलो नासा म्हटलं तर विचित्र न्हाणीघर होतं, दारूचं दुकान म्हणायचं तर मधे 'पि' टाकून तोमो पि तेलो नासा (आमच्या वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण उदाहरण हेच सोपं). आणि मानी या एकाच शब्दात पैसाही येतो आणि मोठं पाळीव जनावरही. आपल्याकडं गोधन म्हणतात, पोळ्याला बैल सजवतात, त्यांना हे वेगळं काय सांगावं.

पण मोकु कासी घ्या, झाडाचं खाणं. आता हे खत झालं की भाजी? समोर काय चाललंय त्यावरून ओळखायचं. युरिया आणि डीएपी वेगळे मागायचे तर कृषी केंद्रात संध्याकाळ होईल.

लोजबान थोडक्यात सांगतो. १९५५ ला सुरू झालेल्या लोगलान नावाच्या अशाच बनवलेल्या भाषेतून ती १९८७ मध्ये वेगळी झाली. तेराशेच्या वर मुळं, प्रत्येक रोमन लिपीत पाच अक्षरांचं, चिनी, इंग्रजी, हिंदी, स्पॅनिश, रशियन, अरबी यांचे आवाज हिशोबानं मिसळून पाडलेली. दवाखाना स्पिता, कापूस माप्नी, सरळ मूळ शब्दच. जोडताना मुळांचे तुकडे करतात, गेर्कु कुत्रा आणि ज्दानी घर, मिळून गेर्ज्दा. गोठा करताना मात्र बाक्नीचा (बाक्नी म्हणजे गाय-बैल) बाक आणि ज्दा थेट चिकटत नाहीत, क च्या मागं ज चालत नाही म्हणून मधे हलका अ घालावा लागतो. आपल्या संधीत वाक् अधिक देवी वाग्देवी होते, तिथं क चा ग होतो, इथं अक्षर तसंच राहतं. फायदा असा की जोडशब्दाचा अर्थ बांधून ठेवतात. शेणखत म्हणजे शेणाचं खत हे आपल्याला माहीत असतं, पण कापूसखत म्हटलं तर कापसापासूनचं की कापसाला टाकायचं? लोजबानवाले हे आधी ठरवतात, तुकडे पाठ करण्यात मात्र वर्ष जातं.

तर माझं मत असं. शिकून माणसांशी बोलायचं असेल किंवा स्वतःची भाषा पाडायची असेल तर एस्पेरांतोची रीत घ्या, फक्त आई-बाप, डावा-उजवा अशा रोजच्या जोड्यांना वेगळी मुळं द्या. टोकी पोना पंधरा दिवस तरी कराच, कमी शब्दात भागवायची सवय लागते. गणित, संगणकाची आवड असणाऱ्यानं लोजबान धरावी, बाकीच्यांनी नाही धरली तरी चालेल.

भाचीनं प्रत्ययच घेतले. परवा फोन आला होता. आपल्याकडं तूर काढली की तुराटी उरते, ज्वारीचं कणीस खुडलं की कडबा, दाणे काढले की कुटार, प्रत्येकाला वेगळा शब्द. तिनं या सगळ्यांसाठी एकच प्रत्यय केला, 'कामाचं काढून घेतल्यावर जे उरतं ते', आणि तो लावून पहिला शब्द पाडला पेन्सिलीच्या थोटकाला.