नवख्याला थेट एनएचएल की आधी एएचएल?

एनएचएल म्हणजे उत्तर अमेरिकेतली अव्वल आइस हॉकी लीग, एएचएल तिच्याखालची, खेळाडू घडवणारी. प्लेऑफची (बाद फेरीची) शर्यत ऐन रंगात, आणि संघात जागा एकच: विशीतला होतकरू पोरगा घ्यावा की मुरलेला गडी?

आजच्या गुणांपुरता अनुभवी सरस. बचावात चुका कमी. पैशांत नवखा स्वस्त; संघाच्या एकूण पगारावर मर्यादा असल्याने हे किरकोळ नव्हे.

खरा पेच वाढीचा. सर्वांत कमी खेळणाऱ्या चौथ्या फळीत सामन्याला सात-आठ मिनिटं खेळून कोण शिकणार? एएचएलमध्ये पॉवर प्लेही (प्रतिस्पर्ध्याचा गडी शिक्षेमुळे बाहेर असतानाचा खेळ) मिळतो. टॅम्पाचा आक्रमक खेळाडू कुचेरोव्ह सिराक्यूज या एएचएल संघातून वर आला. टॅम्पाने २०२० आणि २०२१ मध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे एनएचएलचं विजेतेपद, जिंकला. उलट एडमंटनने २०१० ते २०१२ नवख्यांच्या वार्षिक निवडीत (ड्राफ्टमध्ये) सलग तीनदा पहिली निवड मिळवून पोरांना थेट उतरवलं, तरी प्लेऑफ उजाडले २०१७ ला!

पुनर्बांधणी चालू असेल आणि वरच्या दोन फळ्यांत जागा असेल, तर नवखा घ्या. कप आवाक्यात असेल तर अनुभवी. गोलरक्षक मात्र दोन्ही परिस्थितींत एएचएलमध्येच घडू द्यावा.